कान पुन्हा सुटून आला नाही, काका

आदरणीय काका,

तुम्ही लॅबमधून निवृत्त झालात त्या दिवशी चार शब्द बोलायचे होते, पण गर्दीत राहून गेले. तुमच्याकडून शिकलेली गोष्ट नव्या मुलांच्याही कानावर पडावी, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोरच लिहिते आहे.

तुम्हाला ते पेशंट आठवत असतील. त्यांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला, तर आत मी केलेला कृत्रिम कान दोन तुकड्यांत होता. एकीकडे सिलिकॉनचा कान, दुसरीकडे मॅग्नेट बसवलेली अ‍ॅक्रिलिकची प्लेट. हे दुसऱ्यांदा घडलं होतं. "चारचौघांत हातात आला, डॉक्टर," एवढंच म्हणाले ते. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, आणि तेच मला जास्त लागलं.

मी सिलिकॉनला दोष देत होते. तुम्ही मात्र आधी प्लेट उचलली, उजेडात धरली आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलंत. नख सरकन निसटलं. "सिलिकॉनचा एक कण तरी चिकटून राहिलाय का इथे? सिलिकॉन फाटलेलं नाही, जोडच सुटलाय," असं म्हणालात. मग मी काय काय केलं होतं ते एकेक विचारत गेलात. कवळीच्या सवयीने मी प्लेटला आरशासारखं पॉलिश दिलं होतं. काही चिकटू नये म्हणून साच्याला लावलेलं सेपरेटिंग मीडियम प्लेटच्या कडेवर ओघळलं होतं. सिलिकॉन प्लेटला धरावं म्हणून आधी लावायचा द्रव, म्हणजे प्रायमर, जाड थापला होता आणि तो ओला असतानाच सिलिकॉन भरलं होतं.

चेहऱ्याच्या कृत्रिम अवयवांसाठी सिलिकॉन 1960 च्या सुमारास वापरात आलं, तरी ते अ‍ॅक्रिलिकला धरून ठेवणं आजही सोपं नाही. एक लवचीक, एक कडक. सिलिकॉन आपणहून कशालाच धड चिकटत नाही. रोज कान काढताना कड ओढली जाते आणि सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. तिथे केसाएवढी फट पडली की घाम आणि त्वचेचं तेल आत शिरतं, वास येऊ लागतो, बुरशी धरते.

त्या दुपारी तुम्ही जेवायचे थांबलात आणि माझ्याकडून सगळं पुन्हा करून घेतलंत. बरने, म्हणजे ड्रिलच्या बारीक टोकाने, प्लेटची चकाकी घालवली, मग सँडब्लास्टिंग केलं, म्हणजे अ‍ॅल्युमिनाच्या 50 मायक्रॉनच्या कणांचा जोराचा फवारा मारून ती खडबडीत केली. कडेजवळ आत रुंद होत जाणारी बारीक भोकं पाडली, म्हणजे सिलिकॉन त्यांत अडकून बसेल. धुऊन, वाळवून प्रायमरचा एकच पातळ हात दिला. प्रायमरमधलं द्रावक अ‍ॅक्रिलिकचा वरचा थर जरा मऊ करतं आणि त्यातलं सिलेन हे रसायन सिलिकॉनशी जोडून घेतं, पण त्यासाठी द्रावक आधी उडून जायला हवं, हे मला तेव्हा नीट उमगलं. अर्धा तास तुम्ही मला प्लेटला बोट लावू दिलं नाहीत. लॅटेक्सचे हातमोजेही काढायला लावलेत, कारण त्यांतल्या गंधकामुळे प्लॅटिनमच्या मदतीने क्युअर होणारं, म्हणजे घट्ट होणारं सिलिकॉन चिकट, अर्धवटच राहतं.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती तुमची पट्टीची चाचणी. अ‍ॅक्रिलिकच्या उरलेल्या तुकड्यावर त्याच प्रायमरने, त्याच सिलिकॉनची पट्टी बसवायची, टोक मोकळं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते मागे दुमडून, 180 अंशांत ओढायचं. अख्खी पट्टी सोलून निघाली तर जोड कच्चा. पट्टीच फाटली आणि प्लेटवर सिलिकॉनचा थर उरला, तर जोड सिलिकॉनपेक्षा बळकट. प्रत्येक सिलिकॉनची प्रत्येक प्रायमरशी जमतेच असं नाही, खडबडीत केल्याचा फायदाही सगळीकडे सारखा मिळत नाही. म्हणून सिलिकॉनचा नवा डबा उघडला की मी आधी पट्टी ओढून पाहते. पहिल्यांदा माझी पट्टी मधूनच तुटली तेव्हा तुम्ही नुसते हसलात आणि जेवणाचा डबा उघडायला गेलात.

पेशंटला कान काढायला तुम्हीच शिकवलंत. पातळ कड धरायची नाही, मागून प्लेटखाली बोट घालून उचलायचं. मी ते आधी कधी सांगितलंच नव्हतं.

ते परवा येऊन गेले. रंग थोडा उतरलाय, नवा कान करायला घ्यावा लागेल. जुना कान मी भिंगाखाली धरून सगळ्या कडेने पाहिला, नखही फिरवलं. कुठेच फट नाही. तुम्हाला दाखवायला म्हणून तो मागून घेतलाय, येत्या रविवारी घेऊन येते.

तुमची,
लॅबच्या खिडकीपाशी बसणारी डॉक्टर