उसण, पायाळू आणि बाबांची मान

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. पत्राचं तसं करता येणार नाही. आई, तू चष्मा लावून मोठ्याने वाच. बाबा, तेवढा वेळ मशीनवरून पाय काढा.

आधी करून बसले ते सांगते. बेळगावच्या त्या कायरोप्रॅक्टिक क्लिनिकला, म्हणजे हाताने मणके दाबून आणि मान मोडून उपचार करतात तिथे, परवा फोन केला आणि बाबांची उरलेली नऊ सेशन रद्द केली. बाराचे पैसे मीच भरले होते, तेव्हा रद्द करायचा हक्कही माझाच, अशी मनाची समजूत घातली. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर "पैसे भरलेत तर संपवून येतो की" असं बाबा म्हणाले असते. पैसे परत मिळणार नाहीत. जाऊ देत. त्याचा हिशेब खानापूरच्या बाजारात कुणाजवळ मांडू नका.

चूक माझीच आहे. ती रील मी पाठवली होती. रात्री अकरा वाजता पडल्यापडल्या बघत होते. कुणीतरी मान धरतो, काडकन आवाज येतो, माणूस हसत उठून बसतो. तुमची मान आठवली. चाळीस वर्षं सुईच्या टोकाकडे बघत वाकलेली. मी लांब राहते, माझ्याने दुसरं काय होतंय, निदान हे तरी करावं, असं वाटलं. तिसऱ्या खेपेनंतर दोन दिवस तुम्ही भिंत धरून मोरीपर्यंत जात होता, हे मला आईकडून कळलं, तेही पंधरा दिवसांनी. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग वाचत बसले, ओळखीच्या फिजिओला विचारलं. जे कळलं ते सांगते.

पण त्याआधी गल्लीतली गोष्ट. मी पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. कुणाच्या कंबरेत उसण भरली की "पोरीला जरा पाठवून द्या की" असा निरोप यायचा. आई फ्रॉक नीट करून मला पाठवायची. समोर पालथं पडलेलं धिप्पाड माणूस, आणि मी सहा-सात वर्षांची, त्याच्या पाठीवर तीनदा पाय लावायचे. चार दिवसांनी तो माणूस पेरू घेऊन यायचा. केवढा मान होता मला! आता कळतं, मी काहीच केलं नव्हतं. अचानक धरलेली कंबर बहुतेक वेळा काही दिवसांत, काही आठवड्यांत आपली आपणच सुटते. पेरू मात्र मी खाल्ले.

बाबा, त्या आवाजाचंही तसंच. हाड जागेवर बसलं म्हणून तो येत नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, सांधा झटकन ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. आई, तू माझी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडायचीस आणि ती कडाकड वाजली की म्हणायचीस, "बघ, किती नजर लागली होती." तोच आवाज. फक्त तू फी घेत नव्हतीस.

हे शास्त्र निघालं कसं, तेही ऐका. बाबांना असल्या गोष्टी आवडतात. अमेरिकेत आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचा एक जण अंगातल्या चुंबकशक्तीने रोग बरे करतो म्हणायचा. १८९५ साली त्याने इमारतीतल्या एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असं त्याने सांगितलं. आता ऐकण्याची नस कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, तिचा पाठीशी काय संबंध? पण पामरने त्यावरून ठरवलं की शंभरातले पंच्याण्णव रोग मणका सरकल्यानेच होतात. तुमच्या क्लिनिकच्या भिंतीवर बीपी, दमा, साखर सगळ्याची नावं होती म्हणालात ना, त्याचं मूळ तिथलं. त्यातल्या एकाही रोगावर मणका दाबून उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही.

तरी सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाही. कंबरदुखीवर थोडा उपयोग होतो. २०१७ साली या उपचाराच्या रुग्णांवर झालेल्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नव्या कंबरदुखीला सहा आठवड्यांपर्यंत जरा आराम पडतो असं दिसलं. जरा म्हणजे जराच, वेदनाशामक गोळीइतका. जुन्या दुखण्यात तो व्यायामापेक्षा सरस ठरत नाही. आणि व्यायाम तर अंगणात फुकट होतो. बाबा, पहिल्या दोन वेळा तुम्हाला बरं वाटलं ते खरंच असेल. तुम्ही खोटं बोलता असं मी कधीच म्हणणार नाही.

माझी भीती मानेची आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून वर जातात. शिवणीत दोरा ओवावा तशा. मान झटक्याने पिळली तर क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघाताचा झटका येतो. फार विरळा होतं हे. शिवाय काहींची धमनी आधीच फाटलेली असते, मान त्यामुळेच दुखत असते आणि म्हणूनच ते तिथे गेलेले असतात, तेव्हा दर वेळी दोष त्या हातांचाच असं नाही. पण अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की मानेला हात लावण्याआधी रुग्णाला या धोक्याची कल्पना द्यावी. तुम्हाला कुणी दिली?

आईने तुम्ही सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला. एक बाजू कन्नड, एक इंग्रजी. बाबा, मराठीतून कागद द्या म्हणून मोर्च्यात चालणारे तुम्ही, आणि स्वतःच्या मानेच्या कागदावर न वाचता सही करून आलात! रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, या प्रश्नापुढे "नाही"वर खूण आहे. स्टेंट बसल्यापासून रोज रात्री दूध पिताना घेता ती काय मग? रागावत नाही. वाचताना हसू आलं, मग रडूच आलं.

आई, आता तू. "कंबरेसाठी मी पण एकदा जाऊन येईन" हे डोक्यातून काढ. दोन वर्षांपूर्वी पावसात अंगणात नुसती घसरलीस आणि मनगट मोडलं. म्हणजे हाडं ठिसूळ असणार. अशा पाठीवर जोर दिला तर मणकाच दबून मोडू शकतो. तुझी हाडांच्या घनतेची तपासणी करायची आहे, नुसतं पडून राहायचं असतं, सुई नाही.

सगळी सोय केली आहे. मंगळवारी सकाळी नऊला गाडी दारात येईल, बसमध्ये उभं राहायचं नाही. आधी डॉक्टर, बाबांची चक्कर त्यांना नीट सांगायची, लपवायची नाही. मग फिजिओ. त्या बाई मराठी बोलतात, मी विचारून घेतलं, आणि मान पिळणार नाहीत असं कबूल करून घेतलं. शेकायची पिशवी पार्सलने येते आहे. पाणी फार कढत घालू नका, फडक्यात गुंडाळा. बाबा, मशीनखाली दोन फळ्या घाला म्हणजे वाकावं लागणार नाही, आणि दर अर्ध्या तासाने उठा. दाढी झाल्यावर न्हाव्याला मान मोडू द्यायची सवय आजपासून बंद. आई, पाण्याची घागर बाबांनीही उचलायची नाही, तूही नाही. पोरगा ठेवलाय, महिन्याचे पैसे मी देते.

आणि हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. मान किंवा डोकं अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, एकाचे दोन दिसले, बोलताना जीभ जड झाली, तोल गेला, की १०८ ला फोन. आधी मला नाही. कंबर दुखताना लघवी अडली किंवा मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं, तरी तसंच. सकाळ होऊ द्या, पाहुणे जाऊ द्या, असं करायचं नाही.

फार हुकूम सोडले ना? लहानपणी तापात तुम्ही दोघं आळीपाळीने माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवायचात, बाबांच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. तो वास आला की मला झोप लागायची. इथे तो मिळत नाही.

तुमची,
पायाळू

ता. क. गणपतीला चार दिवस आधीच येते. तोवर कुणाची कंबर धरलीच तर पाय लावून देईन, हळू. पेरू पडतील.