मंत्रिमहोदय, वहिनीचा ब्लॉक मुंबईला का न्यावा लागला?

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

महोदय,

माझ्या वहिनीच्या स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीचा सुपारीच्या खांडाएवढा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला आहे. गेल्या चवथीच्या तोंडावर तो ब्लॉक स्टीलच्या डब्यात घालून माझा पुतण्या रात्रीच्या स्लीपरने मुंबईला गेला. त्यातल्या एका जनुकाची चाचणी कुठे होते, आणि तिचे पैसे दीनदयाळ या राज्याच्या आरोग्यविमा योजनेच्या कार्डावर मिळतात की नाही, हे आम्हाला एकाही काउंटरवर धड सांगता आलं नाही. रिपोर्ट यायला २३ दिवस लागले. पैसे आम्हीच भरले.

जनुकाचं नाव पीआयके-थ्री-सीए. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तरी हे नाव मला पहिल्यांदा दिसलं ते वहिनीच्या केस पेपरवर. तिसऱ्या गुणसूत्रावरचं हे जनुक १०६८ अमिनो आम्लांचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, घडवतं. बहुतेक कायनेज विकरं प्रथिनांना फॉस्फेट जोडतात. हे मात्र पेशीच्या पटलातल्या स्निग्ध रेणूला जोडतं. तो जोडला गेला की पेशीला निरोप पोचतो, की खा, वाढ, मरू नकोस. काम झालं की पीटेन नावाचं दुसरं विकर तो फॉस्फेट उतरवून ठेवतं. २००४ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं, की बऱ्याच कर्करोगांत हे जनुक बिघडलेलं असतं. वहिनीच्या रिपोर्टात १०४७ व्या जागी हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन आहे. डीएनएतलं एक अक्षर बदललंय, आणि निरोप थांबायचं नाव घेत नाही.

(पुतणीचा पहिला प्रश्न होता, ‘हे मलाही येणार?’ नाही. हा बिघाड त्या गाठीतच झालेला आहे, पिढीजात नाही. पण हे तिला समजावून सांगायला शेवटी घरातला मास्तरच लागला.)

वहिनीचा प्रकार हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते, पण हर-टू हे वाढीचं प्रथिन तिच्या पेशींवर जास्त नाही. स्तनाच्या कर्करोगात सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच, आणि यातल्या साधारण ४० टक्के रुग्णांत या जनुकात बिघाड सापडतो. त्यांच्यासाठी अल्पेलिसिब नावाची गोळी आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये तिला मान्यता मिळाली. रुग्णांवरच्या ज्या औषध-चाचणीवर ती मिळाली, तीत बिघाड असलेल्या रुग्णांचा आजार नेहमीच्या इंजेक्शनवर ५.७ महिने आटोक्यात राहिला, जोडीला गोळी दिल्यावर ११ महिने. आजार बरा होत नाही, पण पाच महिने जास्त आटोक्यात राहतो. घरातलं माणूस असलं की पाच महिने किती मोठे, ते वेगळं सांगायला नको.

आता खरा मुद्दा. इन्सुलिनचा निरोपही पेशीत याच विकरामार्फत जातो. गोळीने ते अडवलं की गाठीची वाढ अडते, आणि सोबत साखरही चढते. त्याच औषध-चाचणीत गोळी घेणाऱ्या दर तीनपैकी जवळपास दोघांची साखर वाढली होती. आणि ज्यांचा डायबेटिस मुळातच ताब्यात नव्हता, त्यांना तर चाचणीत घेतलंच नव्हतं. वहिनी आधीपासून साखरेची रुग्ण. गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात साखर ३४० वर गेली. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, साखरवाल्यांकडे जा. साखरवाल्यांनी गोळीचं नाव दोनदा विचारून घेतलं. दोघांच्या मध्ये नऊ दिवस गेले, आणि वहिनी उकड्या तांदळाच्या शिताकडे नुसती बघत बसायची.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात डायबेटिसचं प्रमाण ११.४ टक्के होतं. गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे वहिनीसारखी गत इतर कुठल्याही राज्यापेक्षा आपल्याकडे दर शंभरांत जास्त जणींची व्हायची.

हर-टू पॉझिटिव्ह बायकांना लाखोंची इंजेक्शनं मोफत द्यायचं आपल्या राज्याने ठरवलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण हर-टू निगेटिव्ह म्हटलं की त्या खिडकीशी आमचं काम संपतं. म्हणून मागतो. या जनुकाची चाचणी दीनदयाळ योजनेच्या यादीत नावानिशी लिहा, म्हणजे काउंटरवरच्या मुलीला तरी कळेल काय सांगायचं. चाचणी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात करा, किंवा बाहेर पाठवायचीच असेल तर ब्लॉक सरकारने पाठवावा. वाळपईच्या नाही तर काणकोणच्या बाईने तो पदराखाली घेऊन बस का पकडावी? आणि कॅन्सरच्या ओपीडीत आठवड्यातून एक दिवस मधुमेहाचा डॉक्टर बसवा. गोळी सुरू करायच्या आधी, नंतर नव्हे. या शेवटच्या गोष्टीला तर यंत्रही लागत नाही, एक खुर्ची लागते.

वहिनीची साखर आता १८० च्या आसपास आहे, गोळीचा डोस कमी केलाय. पुढचा स्कॅन डिसेंबरात आहे. रिपोर्टची झेरॉक्स नाव खोडून सोबत जोडतो.

आपला,
फोंडा तालुक्यातला एक निवृत्त मास्तर