पैठणची लोकसंख्या छापताय तर वर्ष पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आमच्या पैठणवर अर्धं पान दिलंत, बरं वाटलं. नाथ महाराज, पैठणी, ज्ञानेश्वर उद्यान सगळं नेहमीसारखं आलंय, पण चौकटीत 'लोकसंख्या ४१ हजार' असं बिनधास्त ठोकून दिलंय. अहो हा आकडा २०११ च्या जनगणनेचा, २०२१ ची तर झालीच नाही. २००१ ला आम्ही ३४ हजारांच्या पुढं होतो, म्हणजे दहा वर्षांत सातेक हजार वाढले, मग त्यानंतर काय गाव जागेवरच बसून राहिलं का?

गावाची जागा बघा. दक्षिणेला गोदावरी, वरच्या अंगाला जायकवाडीची दहा किलोमीटरची भिंत (जायकवाडी नावाचं गाव बीड जिल्ह्यातलं, धरण आलं आमच्याकडं, नाव मात्र तेच राहिलं). नदीकडंला उंचवट्यावर जुनं गाव, तिथल्या काही गल्ल्यांत समोरून मोटारसायकल आली की एकानं ओट्याला चिकटून उभं राहायचं, नवीन घर बांधायचं तर नावच काढू नका. मग गाव सरकणार कुठं, तर संभाजीनगर रोडनं उत्तरेला. आणि खरी मेख तिथंच आहे, एमआयडीसीच्या अंगाला मुधलवाडी, पिंपळवाडीकडं जी माणसं राहायला आलीत त्यांचा बाजार पैठणला, दवाखाना पैठणला, पोरं शिकायला पैठणला, पण मोजणी ग्रामपंचायतीत. कायद्यात नगरपालिकेचा वर्ग लोकसंख्येवरच ठरतो, ४० हजारांपर्यंत क आणि त्याच्या वर लाखापर्यंत ब, त्यामुळं ४१ हजारवाल्या गावात हजारभर माणसं हद्दीच्या आत धरली का बाहेर ही काही किरकोळ गोष्ट नाही.

फाल्गुनातल्या नाथषष्ठीचं तर बोलायलाच नको, लाखांनी वारकरी येतात, वाळवंटात राहुट्या, दिंड्यांचे ट्रक, जिथं जागा मिळेल तिथं चुली. तेव्हा पाणी, संडास, कचरा ४१ हजारांच्या हिशेबानं कसा चालणार, तुम्हीच सांगा.

पण मला जास्त काळजी नदीकाठाची वाटते. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि ते गावात घुसलं, तेव्हाची माणसं अजून पावसाळ्यात नीट झोपत नाहीत. धरण समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांवर भरतं हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, भाद्रपदात कुठल्याही हॉटेलात चहाला बसा, आवक किती, विसर्ग किती, २७ पैकी गेट किती उघडले आणि किती फुटांनी, दुसरा विषयच नाही! नाशिकला पाऊस पडला तर ते पाणी नाथसागरात (म्हणजे धरणाच्या जलाशयात) यायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस सामान माळ्यावर टाकतो, पण एकदा गेट उघडले की पैठणला सवड कुठली, भिंत तर गावाच्या उशालाच आहे. अशा वेळी अख्ख्या गावाचा आकडा काय कामाचा, नदीकडच्या गल्ल्यांत किती घरं, त्यात म्हातारी माणसं किती, भाड्यानं राहणारे किती (त्यांना तर कोणी धरतच नाही), हे माहीत पाहिजे. तुमच्या लेखात यातलं काहीच नव्हतं, फोटो मात्र कारंज्याचा होता.

म्हणून म्हणतो, २०२७ च्या जनगणनेचे आकडे आले की पैठणवर परत एक पान करा, त्यात वॉर्डाप्रमाणं लोकसंख्या द्या, रोडच्या बाजूची हद्दीबाहेरची वस्ती वेगळी दाखवा आणि सोबत पूररेषेचा नकाशा छापा. वार्ताहराला जुन्या गावातून फिरवायची जबाबदारी माझी, चहा पण माझ्याकडं. तोपर्यंत ४१ हजारच छापायचे असतील तर शेजारी २०११ लिहा, एवढी जागा चौकटीत निघेल.

आपला,
एक वाचक, पैठण