फाइल ‘रीड-ओन्ली’ झाली म्हणून फॉरमॅट कशाला?

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, त्यामुळे सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या पेढ्या असोत की अक्कलकोट रोडवरचे टॉवेल-चादरीचे कारखाने, जुन्या संगणकांवरचा डेटा नव्यावर नेणे आता ठिकठिकाणी आले. कॉपी केलेली जॅकार्डच्या (नक्षीदार विणकामाच्या) डिझाइनची किंवा हिशेबाची फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही. त्यावर ‘फॉरमॅट मारा’, म्हणजे डिस्क पूर्ण पुसा, हा सल्ला हमखास मिळतो. त्याची गरज बहुतेक वेळा नसते.

आधी त्याच फोल्डरमध्ये एक नवी टेक्स्ट फाइल तयार करून पाहावी. ती झाली आणि जुनीच फाइल अडत असेल, तर दोष त्या फाइलवरच्या ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचा, बदलू नका) या खुणेत किंवा तिच्या मालकीत आहे. नवी फाइलही होत नसेल, तर फोल्डरची परवानगी किंवा ड्राइव्ह तपासावा.

खुणेचा उपाय सोपा आहे. एकाच फाइलसाठी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘रीड-ओन्ली’वरची टिक काढणे एवढे पुरते. शेकडो फाइल्स असतील तर फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबावे. काळ्या खिडकीत ‘अॅट्रिब’, जागा (स्पेस), वजा चिन्ह आणि लगेच ‘आर’, जागा, तारा-टिंब-तारा, जागा, स्लॅश आणि ‘एस’ अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. आतल्या सगळ्या उपफोल्डरमधल्या फाइल्सची खूण निघते. कोणत्याही फोल्डरमध्ये न जाता थेट सी ड्राइव्हवर मात्र ही आज्ञा चालवू नये.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला ‘रीड-ओन्ली’चा चौकोन कितीदाही रिकामा केला तरी पुन्हा भरलेला दिसतो, आणि इथेच लोकांचे तास जातात. तो बिघाड नाही. फोल्डरवरची ही खूण विंडोज लिहिणे रोखण्यासाठी वापरतच नाही. फोल्डरला खास चिन्ह किंवा मांडणी दिली आहे एवढेच तिच्यावरून ओळखते. चौकोनातला बदल फक्त आतल्या फाइल्सना लागू होतो. त्या सेव्ह होत असतील तर चौकोनाकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

जुनी हार्ड डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली की अडचण वेगळी असते. फाइल्सवर जुन्या खात्याची मालकी कोरलेली असते आणि नवा संगणक त्या खात्याला ओळखत नाही. नावे तीच असली तरी आतला ओळख क्रमांक वेगळा. अशा वेळी प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड या वाटेने ‘ओनर’ बदलावा, आतल्या सर्व फाइल्सना लागू करण्याची टिक द्यावी, खिडकी बंद करून पुन्हा उघडावी आणि आपल्या खात्याला ‘फुल कंट्रोल’ द्यावा. नुसता मालक बदलून भागत नाही. हे डेटाच्या फोल्डरवरच करावे, विंडोज किंवा प्रोग्रॅम फाइल्सवर कधीही नाही. आणखी एक खोच: एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत नेते, कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते. म्हणून कॉपीच करावी.

मेल किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेली एक्सेल पिवळ्या पट्टीसह उघडत असेल, तर तिच्यावर ‘इंटरनेटवरून आलेली’ अशी खूण असते. पाठवणारा खात्रीचा असेल तरच प्रॉपर्टीजमध्ये खालच्या ‘अनब्लॉक’वर टिक करावी. झिप (अनेक फाइल्स एकत्र बांधलेली फाइल) असेल तर ती उघडण्यापूर्वीच अनब्लॉक करावी, आणि झिपमध्ये राहूनच फाइल बदलू पाहू नये. ती आधी बाहेर काढावी.

‘राइट प्रोटेक्टेड’ असा संदेश आला, तर मेमरी कार्डच्या कडेची छोटी खिट्टी पाहावी. पेन ड्राइव्हला खिट्टी नसेल आणि तो अचानक लिहून घेईनासा झाला, तर त्याची चिप बहुधा संपत आली आहे. अशा वेळी फॉरमॅट होतही नाही. वाचता येतो तोवर डेटा काढून घ्यावा आणि तो ड्राइव्ह टाकून द्यावा.

— संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक, सोलापूर