फक्की मारणाऱ्या मामांना

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

शाळेची मुले जिल्हास्तरावर निवडली गेली की फोटोत क्रीडाशिक्षक असतात, मुख्याध्यापक असतात, कधी नगरसेवकही असतात. शाळेचे मैदान राखणारे तुम्ही त्या वेळी गोलपोस्टची जाळी बांधत असता. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहोत. नुसते कौतुक करून थांबायचे नाही, तुम्ही नेमके काय करता ते आकड्यांसकट मांडायचे, असे ठरवले आहे. दुसऱ्या शाळेतल्या कुणा शिक्षकाला यातले काही जसेच्या तसे उचलता आले तर जरूर उचलावे.

४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकला ३६.५० मीटर त्रिज्येची वळणे आणि ८४.३९ मीटरच्या सरळ बाजू लागतात. पेठेतल्या शाळेला एवढी जागा कुठली? तुम्ही २०० मीटरचा ट्रॅक आखता. सरळ बाजू ४० मीटरच्या, आणि वळणाच्या रेषेची त्रिज्या १८.९० मीटर. खरी मेख या १८.९० मध्ये आहे. दोन वळणांचे मिळून १२० मीटर हवेत, म्हणून गणित करणारा १९.१० काढतो आणि तेवढ्याच त्रिज्येवर फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड, मारून मोकळा होतो. पण ट्रॅकची लांबी रेषेवर मोजत नाहीत. आतल्या बाजूला उंच कडा असेल तर तिच्या बाहेर ३० सेंटिमीटरवर, आणि नुसती फक्कीची रेषा असेल तर २० सेंटिमीटरवर मोजतात. धावणारा पाय तिथे पडतो. ते २० सेंटिमीटर वजा केले नाहीत, तर प्रत्येक फेरी सव्वा मीटरने लांब होते. ३००० मीटरच्या पंधरा फेऱ्यांत हा फरक जवळजवळ १९ मीटरवर जातो. १० मिनिटांत ३००० मीटर काढणारा मुलगा सेकंदाला ५ मीटर धावतो. म्हणजे त्याच्या नावावर पावणेचार सेकंद फुकट चढतात, आणि वर्षभर मेहनत करूनही वेळ का उतरत नाही याचा शोध आपण त्याच्या आहारात घेत बसतो.

चार लेन धरल्या तर हा ट्रॅक ८७.५६ बाय ४७.५६ मीटरमध्ये बसतो. कुंपणापासून सोडायची जागा त्याशिवाय. आखणीत तुमचा क्रम कधी चुकत नाही. आधी ४० बाय ३७.८० मीटरचा आयत. एक कोपरा ६-८-१० मीटरच्या त्रिकोणाने काटकोनात घ्यायचा आणि मग दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही ५५ मीटर साडेतीन सेंटिमीटर आले पाहिजेत. आपला टेप ५० मीटरचाच आहे, त्यामुळे कर्णावर सुतळी ताणून मध्ये एक खिळा ठोकावा लागतो. तो खिळा सुतळीच्या रेषेबाहेर गेला की कर्ण खोटा जास्त येतो. ३७.८० च्या दोन्ही बाजूंचे मध्यबिंदू म्हणजे वळणांची केंद्रे. तिथे तुम्ही लोखंडी सळईचे तुकडे जमिनीच्या किंचित खाली राहतील असे कायमचे गाडले आहेत. त्यामुळे दरवर्षी सगळे पहिल्यापासून मोजावे लागत नाही, आणि कुणाच्या पायालाही काही लागत नाही.

वळण काढायला तुम्ही सुतळी वापरत नाही, हेही नोंदवून ठेवायला हवे. ताण कमीजास्त झाला की सुतळी लांब-आखूड होते, आणि दवात भिजली की तिचा काही भरवसा नाही. कापडी टेपची गतही तीच. स्टीलचा टेप मात्र शब्दाला जागतो. उन्हात तो वाढतो म्हणतात, पण तापमानात २० अंशांचा फरक पडला तरी ५० मीटरला साधारण १ सेंटिमीटर. तेवढे आपल्या मैदानाला चालून जाते. टेपची कडी खुंटीत अडकवून फिरवली तर खुंटीच्या जाडीमुळे चूक होते, म्हणून शून्याची खूण केंद्रावर धरायला एक माणूस बसलेलाच हवा.

आता स्टॅगर. २०० मीटरच्या शर्यतीत कोणत्या लेनची सुरुवात किती पुढे, यावर दर वर्षी कुणीतरी पालक वाद घालतो. लेनची रुंदी १.२२ मीटर, त्यात उजवीकडची ५ सेंटिमीटरची रेषा धरलेली. एका पूर्ण फेरीत प्रत्येक बाहेरची लेन २ × ३.१४१६ × १.२२ म्हणजे ७.६७ मीटर जास्त धावते. वळणाची त्रिज्या कितीही असो, नुसत्या रेषांच्या ट्रॅकवर हा आकडा बदलत नाही. दुसरी लेन ७.६७, तिसरी १५.३३, चौथी २३.०० मीटर पुढे. ४०० मीटर पूर्ण लेनमध्ये घ्यायची असेल तर दुप्पट. चूक होते ती मोजण्यात. सुरुवातीच्या खुणा वळणावर येतात आणि लोक टेप सरळ ताणतात. चौथ्या लेनसाठी २३ मीटरचा टेप सरळ ओढला, तर त्या मुलाला १ मीटर ११ सेंटिमीटरचा फायदा होतो. तुम्ही लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर जवळजवळ खिळे ठोकून टेप वाकवत नेता. वेळ लागतो, पण पालकांना दाखवायला खिळे असतात.

या पाच रेषांची एकूण लांबी एक किलोमीटरहून जास्त भरते, आणि ऑगस्टमधली एक जोराची सर ती धुऊन नेते. तालुका आणि मनपा स्तरावरच्या स्पर्धा नेमक्या पावसाळ्याला चिकटून येतात. फक्की संपली म्हणून चुना वापरू नये, हा तुमचा दंडक आम्ही सगळ्यांना सांगतो. पडलेला मुलगा तोंडावर पडतो, आणि चुना डोळ्यात गेला तर भाजतो. तसे झालेच तर डोळा चोळू न देता भरपूर पाण्याने धूत राहायचे आणि थेट डॉक्टर गाठायचा.

ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवायचा नाही, हे तर कोल्हापुरात पाटीवर लिहून लावावे. माती चिखल असताना दाबली की वरचा थर घट्ट बसतो, पाणी मुरत नाही, आणि ऊन पडले की ती दगडासारखी होते. त्यावर रोज धावणाऱ्या मुलांची नडगी दुखू लागते आणि दोष बुटांना दिला जातो. पायाखाली चिखल न चिकटता माती नुसती दबते, तेव्हाच रोलर. ट्रॅकला आतल्या बाजूला १०० ला १ पेक्षा जास्त उतार नको. आपल्या चार लेनच्या रुंदीला तो जेमतेम ५ सेंटिमीटर होतो. तेवढाच ठेवला, तरी पाणी पहिल्या लेनमध्ये तुंबू नये म्हणून आत चर हवी.

आपल्या गावात फुटबॉलपुढे सगळे नमते. शाहू स्टेडियमवर सामना असला की सरावाला मुले कमी, आणि नसला की मैदान भरलेले. गोलपुढची जागा नेमकी वळणाच्या तोंडाशी येते आणि तिथली माती सर्वांत आधी उखडते. तिथे मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकायचे काम तुम्ही सामन्यानंतर लगेच करता, म्हणून वळणावर कुणाचा घोटा मुरगळत नाही. वॉर्मअप चौथ्या लेनमध्ये ढकलण्याची युक्तीही तुमचीच. पहिल्या लेनमध्ये प्लास्टिकचे शंकू ठेवले की मुले आपोआप बाहेरून जातात, आतली लेन झिजत नाही, आणि मोठ्या वळणामुळे पायावर ताणही कमी येतो. चौथ्या लेनची फेरी २२३ मीटरची, नऊ फेऱ्यांत २ किलोमीटर आणि वर ७ मीटर. आतल्या कडेला दर ५० मीटरवर रंगवलेली वीट आहे. ३००० मीटरला १० मिनिटांचा वेग म्हणजे प्रत्येक विटेला १० सेकंद. शिट्टी आणि वीट एकत्र आली की चौदा वर्षांच्या मुलालाही वेग म्हणजे काय ते कळते. नाहीतर पहिली फेरी ३३ सेकंदांत आणि शेवटच्या फेऱ्या रडत, हे ठरलेले.

४ × १०० मीटर रिलेत बॅटन बदलायची जागा आता सलग ३० मीटरची असते. ती धरायची टप्प्याच्या रेषेआधी २० आणि नंतर १० मीटर अशी. जुन्या खुणा तुम्ही खरवडून काढल्या हे बरे झाले. दोन्ही दिसत असल्या की बॅटन चुकीच्या जागी हातात येते आणि संघ बाद होतो. १०० मीटरची सरळ पट्टी मात्र आपल्या मैदानात काही केल्या बसत नाही. अंतिम रेषेपुढे थांबायला निदान १७ मीटर मोकळे हवेत, म्हणून ६० मीटरवर समाधान मानायचे. भिंतीला हात लावून थांबणारी मुले पाहवत नाहीत.

क्रॉस कंट्रीची, म्हणजे ट्रॅकबाहेर माळरानावरच्या शर्यतीची, फेरी १५०० ते २००० मीटरची असावी. राजाराम तलावाच्या बाजूने असो वा टेंबलाई टेकडीच्या उतारावर, मोजायचे चाक तुम्ही आधी आपल्या ट्रॅकवर फिरवून तपासता. गवतात चाक उड्या मारते आणि अंतर जास्त दाखवते, म्हणजे प्रत्यक्षात मार्ग कमी भरतो. मोबाइलवर अंतर मोजले तर तो वळणे कापतो आणि उलटी चूक करतो. सुरुवातीला लांब आणि रुंद सरळ पट्टा हवा. पहिल्याच वळणावर चाळीस मुले एकत्र पोचली की दोघे-तिघे पडणारच. आपल्याकडे डावीकडे लाल झेंडा, उजवीकडे पांढरा. वळणावर झेंड्याबरोबर माणूसही हवा, कारण पुढचा चुकला की मागचे सगळे त्याच्या पाठोपाठ चुकतात. गळीत हंगाम सुरू झाला की डांबरी रस्ता ओलांडणारा मार्ग बाद. उसाच्या ट्रॉलीला पटकन थांबता येत नाही.

पावसाळा सरता सरता सराट्याची काटेरी रोपे तुम्ही फळ धरायच्या आधी उपटता, यासाठी अनवाणी धावणाऱ्या मुलांच्या वतीने वेगळे आभार. काटे वाळून पसरले की नंतर झाडून उपयोग नसतो. उंदरांची बिळे मुरूम ठोकून बुजवणे, ओढ्याच्या काठचा निसरडा भाग टाळून मार्ग वळवणे, ही कामे कुठल्याच वेळापत्रकात नसतात.

क्रॉस कंट्रीच्या शेवटच्या रेषेनंतरचा दोरीचा बोळ तर तुमच्याशिवाय जमत नाही. एकेकच मूल जाईल एवढा अरुंद, आणि रांग मागे रेषेपर्यंत येणार नाही एवढा लांब. संघाचा निकाल क्रमांकांच्या बेरजेवर लागतो, कमी बेरीज जिंकते. बोळात एक मूल पुढे घुसले तरी दोन शाळांचा निकाल फिरू शकतो. तोंडाशी तुम्ही, टोकाला क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन आम्ही. चिठ्ठी हातात दिल्याशिवाय पाणी नाही. हा नियम थोडा कठोर वाटतो, पण पाण्याकडे धावलेले मूल परत रांगेत कधीच येत नाही.

स्टोअररूमच्या दाराच्या आतल्या बाजूला तुम्ही दोन्ही सळयांची अंतरे ऑइलपेंटने लिहून ठेवली आहेत, ध्वजस्तंभापासून आणि कुंपणाच्या कोपऱ्यापासून. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला रंग लागणार आहे. ते दार सोडून बाकी सगळे रंगवायचे, असे रंगाऱ्याला सांगून ठेवले आहे. फक्कीची पोती आणि नवा स्टीलचा टेपही मागणीच्या यादीत सर्वांत वर लिहिला आहे.

आपले नम्र,
शाळेच्या धावण्याच्या संघाचे क्रीडाशिक्षक
कोल्हापूर