इज्रेल गावच्या पुढाऱ्यांचं काय?

महोदय,

‘कणखर नेता कसा असावा’ या विषयावर आपल्या सदरात वाचकांची पत्रं येत आहेत. एका वाचकांनी प्राचीन इस्राएलचा दाखला देऊन, दावीद आणि शलमोन यांच्यासारखं ईश्वरनिष्ठ आणि धडाडीचं नेतृत्व आज हवं, असं लिहिलं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे या राजांच्या कथा लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या इतिहासातून नेतृत्वाचं काही शिकायचं असेल तर नजर सिंहासनावरून जरा खाली आणावी, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

शलमोनाचंच बघा. यरुशलेमचं, म्हणजे जेरुसलेमचं, मंदिर बांधायला त्याला सात वर्षं लागली आणि स्वतःचा महाल बांधायला तेरा. लाकडासाठी तीस हजार माणसं वेठीला धरली आणि महिन्याला दहा हजार अशा पाळ्या लावून लबानोनला धाडली. हे कुणा शत्रूने लिहिलेलं नाही. त्याच्याच लोकांच्या धर्मग्रंथात, ‘पहिले राजे’ या पुस्तकात ते आहे. त्याच्या मागे मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा लोक ओझं हलकं करा म्हणून विनवायला गेले. जाणत्या सल्लागारांनी नमतं घ्यायला सांगितलं, बरोबरीच्या मित्रांनी दरडावायला. त्याने मित्रांचं ऐकलं आणि इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा फुटून निघाले. हा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो.

मला लिहायचं आहे ते नाबोथाच्या द्राक्षमळ्याबद्दल.

ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात या फुटून निघालेल्या वंशांच्या, उत्तरेच्या इस्राएल राज्यावर अहाब राज्य करत होता. राजा लेचापेचा नव्हता. ख्रिस्तपूर्व ८५३ मध्ये कर्कर इथे अनेक राजे एकत्र येऊन अश्शूरच्या (असिरियाच्या) सम्राटाशी लढले. त्यात अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० सैनिक होते, असं खुद्द त्या सम्राटाने शिळेवर कोरून ठेवलं आहे. ती शिळा १८६१ मध्ये सापडली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नुसता कणखरपणाच मोजायचा तर अहाबाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

इज्रेलमध्ये त्याच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. मागणी त्याने रीतसर केली: याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही, देव माझ्या हातून तसं न घडवो. हा हट्ट नव्हता, श्रद्धा होती. जमीन कायमची विकू नये, ती देवाची आहे आणि तुम्ही तिच्यावर पाहुणे आहात, असं बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितलं आहे. राजासुद्धा याच नियमाखाली होता.

द्राक्षं काढून तिथे भाजी लावायची म्हणजे काय, हे दिंडोरी-निफाडच्या माणसाला समजावून सांगायला नको. माझ्या भावाची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. खुंट लावायचे, कलम भरायचं, मांडव उभा करायचा, ओलांडे तयार करायचे, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, तेव्हा कुठे पहिला माल हाती येतो. आणि काढणीच्या तोंडावर गारा पडल्या की तोही जातो. अशा बागेची किंमत लावायला कुणी आलं, तर घरातल्या माणसाच्या पोटात आधी गोळाच येतो.

नकार ऐकून राजा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवेना. मग राणी ईजबेलने त्याच्या नावाने पत्रं लिहिली, त्याची मोहोर उठवली आणि इज्रेलच्या वडीलधाऱ्या, प्रतिष्ठित मंडळींना पाठवली. उपवास जाहीर करा. नाबोथाला सभेत मानाच्या जागी बसवा. समोर दोन गुंड बसवा आणि याने देवाला व राजाला शाप दिला, अशी साक्ष त्यांच्याकडून द्यायला लावा. मग गावाबाहेर नेऊन दगडांनी मारा.

रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगताना मी इथे थांबते आणि मुलांना विचारते, पत्र हातात पडल्यावर गावातल्या मोठ्या माणसांनी काय केलं असेल? लहान मुलं हमखास सांगतात, ती नाबोथाला जाऊन सांगतील, पळ. ग्रंथात लिहिलं आहे की पत्रात होतं तसंच त्यांनी केलं. ही नाबोथाच्या गावची माणसं, त्याच्या शेजारची, एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या घरांतली. हा आरोप कुठून आला, हे साक्षीदार कोण, असं एकानेही विचारल्याची नोंद नाही. कागदोपत्री सगळं चोख होतं. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे देहान्ताच्या शिक्षेला दोन साक्षीदार लागतात, ते होते. उपवास होता, म्हणजे धर्मही पाळला गेला. ज्या श्रद्धेने नाबोथाला राजापुढे नाही म्हणायचं बळ दिलं, तीच पुढे करून बाकीच्यांनी त्याचा जीव घेतला.

पुढे एलीया संदेष्टा त्या मळ्यातच राजाला गाठून म्हणाला, खूनही केलास आणि ताबाही घेतलास? (याच एलीयाला आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू फार मानतात. मलिद्याच्या विधीत त्याचं स्मरण करतात आणि अलिबागजवळ एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात.) एलीयाचं धैर्य थोरच. पण तो आला तेव्हा नाबोथ मेलेला होता. नाबोथ वाचायचा तर तो इज्रेलच्या पंचांपैकी कुणीतरी वाचवायला हवा होता. अहाब-ईजबेलला सगळे नावं ठेवतात, या पंचांना कुणी ठेवत नाही.

ज्यांना अशी सवयीने मान डोलावता येते, ते राजघराण्याच्या तरी उपयोगी पडतात का? ‘दुसरे राजे’च्या दहाव्या अध्यायात उत्तर आहे. येहू नावाच्या सेनापतीने बंड केलं आणि त्यानेही शोमरोन या राजधानीच्या सरदारांना, वडीलधाऱ्यांना पत्र पाठवलं: अहाबाच्या मुलांची मुंडकी आणा. ज्यांच्या घरी हे राजपुत्र वाढत होते त्यांनीच सत्तर जणांची मुंडकी टोपल्यांत भरून पाठवली. राजा बदलला, मोहोर बदलली, आणि पत्राचं पालन आधीच्याच तत्परतेने झालं.

उलट उदाहरणही याच ग्रंथांत आहे. दावीदाला मदत केली म्हणून त्याच्या आधीच्या शौल राजाने नोब गावच्या याजकांना, म्हणजे पुरोहितांना, ठार करायला सांगितलं, तेव्हा त्याच्याच शिपायांनी देवाच्या याजकांवर हात उचलायला नकार दिला. दवेग नावाचा एक परका माणूस पुढे झाला आणि त्याने पंच्याऐंशी जणांना कापलं, त्यामुळे शिपायांच्या नकाराने याजक वाचले नाहीत. त्या शिपायांची नावंही कुठे नाहीत. मला मात्र दावीदाच्या कितीतरी लढायांपेक्षा ते अधिक जवळचे वाटतात.

आणि सत्ता हातात असलेल्या माणसाचंच उदाहरण हवं असेल तर नहेम्याचं घ्यावं. इराणच्या बादशहाचा हा प्यालेबरदार ख्रिस्तपूर्व ४४५ मध्ये यरुशलेमचा सुभेदार होऊन आला आणि त्याने बावन्न दिवसांत कोट उभा केला. कोटाचं काम चालू असतानाच गरीब लोक तक्रार घेऊन आले: धान्यासाठी शेतं आणि द्राक्षमळे गहाण पडले, बादशहाचा कर भरायला कर्ज काढलं, आता पोरं गुलाम होताहेत. सातबाऱ्यावरचा बोजा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे कळेल. नहेम्याने श्रीमंतांना भर सभेत जाब विचारला, आणि विचारताना म्हणाला की मी आणि माझे भाऊही पैसे, धान्य कर्जाऊ देत आहोत; हे व्याज आपण सगळेच सोडून देऊ. शेतं, मळे, घरं आजच परत करा. सुभेदाराचा भत्ता त्याने बारा वर्षं घेतला नाही. तक्रार ऐकून आधी स्वतःला त्यात धरणारा अधिकारी मला इतिहासात फार थोड्या वेळा भेटला.

हे आज लिहायचं कारण असं. मागे माहेरी गेले होते तेव्हा गावात एका रस्त्याच्या कामासाठी जमिनी देण्यावरून ग्रामसभा होती. मीही मागे जाऊन बसले. ठराव टाइप करूनच आणला होता, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. कुणी काही विचारलं की ‘वरून आलंय’ एवढंच उत्तर. दीड एकर बाग असलेल्या एक वयस्कर बाई उठल्या. म्हणाल्या, रस्ता नको असं मी म्हणत नाही, विहीर सोडून बांधाच्या पलीकडून न्या, आणि मी बोलले हे लिहून घ्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सोसायटीचे चेअरमन उभे राहिले. त्यांची स्वतःची गुंठाभरही जमीन त्यात जात नव्हती. ते म्हणाले, काकूंचं म्हणणं लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही. ते लिहिलं गेलं.

सिंहस्थाची कामं, महामार्ग, वळणरस्ते यांसाठी जमिनीचे विषय जिल्ह्यात गावोगावी निघत राहणार आहेत. कामं व्हावीत, असं मलाही वाटतं. मत मागायला येणाऱ्यांना आपण किती निधी आणला हे विचारतो. वरून आलेल्या कोणत्या कागदावर सही करायला त्यांनी नकार दिला, हेही विचारावं. आणि ग्रामसभांपुरती माझी सूचना अशी: ठरावाचा मसुदा सभेच्या आठवडाभर आधी फलकावर लागावा, नकार देणाऱ्याचं म्हणणं त्याच्या स्वतःच्या शब्दांत इतिवृत्तात यावं, आणि सह्या होण्यापूर्वी ते सभेत मोठ्याने वाचून दाखवावं. कोणत्याही गावाला हे पुढच्याच सभेपासून सुरू करता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शरणपूर रोड, नाशिक