व्यसनाला आळा घरापासून

महोदय,

मुले अंमली पदार्थांच्या आहारी गेल्याच्या बातम्या आल्या की चर्चा पोलीस आणि शाळा यांच्याभोवतीच फिरते. घराचा विचार मागे पडतो. मोह आवरणारा आणि परिणामांचा अंदाज घेणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण २५ वर्षांपर्यंत विकसित होत असतो, त्यामुळे किशोरवयात सुरू झालेल्या वापराचे व्यसनात रूपांतर होण्याचा धोका अधिक असतो. म्हणूनच मुलांशी या विषयावर बोलण्यासाठी महाविद्यालयाची वाट पाहू नये. १०-१२ व्या वर्षापासूनच, लांबलचक प्रवचन न देता, अधूनमधून आणि खरे तेवढेच बोलावे. भीती घालण्यासाठी केलेली अतिशयोक्ती मुलांच्या लक्षात आली, की पुढचे आपले खरे म्हणणेही ती मनावर घेत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या, झोपेची औषधे, कोडीन हे अफूवर्गीय द्रव्य असलेले खोकल्याचे औषध, लिखाणातील चुका झाकण्याचे व्हाइटनर अशा घरातल्याच वस्तूंपासूनही नशेची सुरुवात होऊ शकते. औषधे मोजून कुलपात ठेवावीत.

‘मित्राने आग्रह केला तर तू काय म्हणशील?’ असे विचारून नकाराचे शब्द घरीच तयार करून घ्यावेत, आणि अडचणीत सापडलेल्या मुलाने रात्री-अपरात्री फोन केला तर आधी त्याला सुखरूप घरी आणावे, जाब दुसऱ्या दिवशी विचारावा. मित्र अचानक बदलणे, झोपेची वेळ बिघडणे, अभ्यासातून लक्ष उडणे हे वयामुळेही घडते. परंतु ही लक्षणे एकत्र दिसू लागली आणि घरातले पैसेही नाहीसे होऊ लागले, तर मारहाण न करता, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, तातडीने डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे.

– एक पालक